एकशे अठ्ठ्याण्णव पौंड

चुला व्हिस्टाच्या गोदीत, सगळ्यात मागच्या धक्क्याला
बांधून ठेवलीय तिला चार जाड दोरखंडांनी,
जशी काही ती पळून जाणार आहे.
इंजिनं मार्चमध्येच काढून नेली. दोन्ही.
त्यामुळे ती आता पाण्यावर जरा उंच तरंगते,
आणि तळाचा तांबडा रंग,
जो सव्वीस वर्षांत मी फक्त दुरुस्तीच्या वेळी पाहिला,
चारचौघांत उघडा पडलाय.
मी आधी दुसरीकडेच बघितलं.

‘डोना ग्रासा’. नव्वद फूट.

कप्तान एवलिनो म्हणायचा,
बोटीचे लाड करू नका रे, तिला कळतं सगळं.
आणि स्वतः पहाटे, कुणी जागं नाहीसं बघून,
सुकाणूच्या चाकावर बोटं वाजवत
तिच्याशी पोर्तुगीजमध्ये काहीबाही बोलायचा.
काय, ते मी कधी विचारलं नाही.
नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा.

सोळा दिवसांची फेरी. सॅन दिएगो सोडलं की दक्षिणेला,
मेक्सिकोच्याही पार खाली,
जिथे नकाशावाल्यांनी नुसती निळी शाई ओतून हात धुतलेत.
मागच्या टाक्यांत जिवंत तारल्या,
रात्रभर गोल गोल, सगळ्या एकाच दिशेने.
मी बॅटरी धरून मेलेल्या वेचायचो;
नॅशनल सिटीचं नवं पोर, दुसरं काय देणार हातात.
पाखरूमासे अंधारातून डेकवर येऊन आदळायचे,
टप्, आणि मग बराच वेळ काही नाही, मग टप्.
साडेतीनला तेओफिलोचा पाव फुगायला लागायचा
आणि डिझेलच्या वासाला लाज वाटायची.

मासा लागला की बोटीवर नावं बंद.
प्रत्येकाला नंबर. धरलेल्या कुप्याच्या कल्ल्यावर
तोच नंबर टाचायचा आणि मासा खाली, गार खाऱ्या पाण्यात.
सतरा म्हणजे लायमन ओडेगार्ड, बेकर्सफील्डचा,
शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात हयात गेलेली.
एकोणीस नोव्हेंबर आला तो. एकोणीस वेळा
दोनशे पौंडी कुप्याच्या गोष्टी ऐकत जेवला.
त्याचा दोर तुटायचा. नाहीतर गळ सरळ व्हायचा.
एकदा शार्कने फक्त डोकं ठेवलं,
ते त्याने हातात धरून फोटो काढून घेतला.

शेवटच्या फेरीत अडीच तास.
डाव्या काठड्यावरून नाळेकडे, नाळेवरून उजवीकडे,
लोकांच्या दोऱ्यांखालून वाकत, वरून उचलत,
मी मागे त्याचा पट्टा धरून.
वर आला तेव्हा तेओसुद्धा हाताला पीठ तसंच ठेवून बाहेर.

धक्क्यावर काटा एकशे अठ्ठ्याण्णवला थांबला.
कुणी बोलेना.
एवलिनोने खडू घेतला आणि फळ्यावर
सरळ दोनशे लिहिलं. वजनवाला पोरगा
एकदम पेलिकन मोजायला लागला.
लायमनने वाचलं. पुढे गेला.
अंगठ्याने पुसलं, नीट, शून्यं आधी,
आणि लिहिलं: १९८.
मग म्हणाला, चला, कॉफी कोण पाजतंय?

पुढच्या नोव्हेंबरात त्याच्या मुलीचं पत्र आलं.
सतरा नंबर आम्ही कुणाला दिला नाही.
असं काही ठरलं नव्हतं.

आज रखवालदाराने दहा मिनिटं दिली.
भटारखाना रिकामा, बाकांचे स्क्रू तेवढे जमिनीत.
डाव्या काठड्यावर, मागून चौथ्या खांबापाशी,
रंग अजून तसाच झिजलेला, पोटाएवढा.
खाडीतून एखादी टगबोट गेली असावी,
तिची लाट आली आणि माझे गुडघे
मला न विचारता वाकले.

मग वर गेलो. चाक अजून आहे.
एवलिनोला जाऊन सहा वर्षं झाली,
त्यामुळे बोटं मीच वाजवली.
पोर्तुगीज मला येत नाही.
म्हणून उद्याचं हवामान सांगितलं तिला:
वारा वायव्येचा, लाट चार फूट,
दुपारनंतर निवळेल.